ऐरणीवरचा हात

डोंगराच्या पायथ्याला कोयते घडवणारं एक गाव होतं. ऊसतोडीचा कोयता घ्यायचा म्हटला की लोक लांबलांबून ह्याच गावाचं नाव काढत. गावात दौलतरावाचा कारखाना होता, आणि त्या कारखान्यात गेनू नावाचा मुकादम होता.

गेनू पूर्वी स्वतः भट्टीवर बसायचा. पण हातोड्यानं खांदा दुखतो आणि शिट्टीनं दुखत नाही, हे त्याला लवकर उमगलं. त्यानं हातोडा खाली ठेवला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि मुकादम झाला. तेव्हापासून माणसं आणायची आणि टिकवायची, हेच त्याचं काम. कुणी रुसला तर त्याची समजूत काढायची. कुणी पिऊन आला तर मालकाच्या नजरेस पडायच्या आत त्याला मागच्या दारानं घरी धाडायचं. सगळे त्याला मामा म्हणत. दुसरं काही त्याला येत नव्हतं, पण माणसं त्याचं ऐकत. सगळ्यांना जमत नाही ते.

त्या कारखान्यात खरं काम एकच, बाकी सगळी ठोकाठोक. पातं भट्टीत लाल करायचं आणि नेमक्या वेळेला पाण्यात बुडवायचं. ह्याला ते पाणी पाजणं म्हणत. घाई केली तर धार मऊ राहते, पहिल्याच उसाला दुमडते. उशीर केला तर पातं तडकतं. वेळ कळते ती तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून. हा रंग प्रत्येक घरानं आपापला जपलेला. बापानं मुलाला सांगायचा, बाकी कुणाला नाही. जावई कितीही गोड बोलला तरी त्यालाही नाही.

एक दिवस दौलतरावानं गेनूला ऑफिसात बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती. शहाणा माणूस तिथंच सावध झाला असता. गेनू बसला.

"यंत्र घेतोय गेनू," दौलतराव म्हणाला. "कॅमेऱ्यानं बघतं, बोललेलं ऐकतं, लोखंडी हातानं उचलतं. दाखवलं तसं शिकतं म्हणे."

"शिकू द्या की मालक."

"शिकवणार कोण? ही माणसं त्याच्यासमोर बसली, रंग तोंडानं बोलली, तर ते शिकेल. माझ्यापुढं ती तोंड उघडत नाहीत. तुझ्यापुढं उघडतील. एकदा यंत्र शिकलं की भट्टीवर माणूस लागायचा नाही."

गेनू खुर्चीच्या काठावर सरकला.

"तू घाबरू नकोस. तुला सुपरवायझर करतो. काचेची केबिन, वर पंखा."

गेनूच्या जिभेवर एक प्रश्न आला होता. ह्या माणसांनाच यंत्र चालवायला शिकवलं तर नाही का चालणार? विचारायला काही पडत नव्हतं. मालक फार तर नाही म्हणाला असता. पण गेनूनं तो प्रश्न गिळला आणि पंखा कुठल्या बाजूला बसवणार, ते विचारलं.

यंत्र आलं. भट्टीसमोर लोखंडी खांबावर त्याचा डोळा बसवला. कामगार लांबूनच बघू लागले. कोयत्यांना मुठी बसवणारी चंद्रभागा तेवढी जवळ गेली आणि त्या डोळ्यात डोकावून म्हणाली, "मामा, हे डबडं आमच्याकडं असं टक लावून का बघतंय? लगीन जमवायचंय का ह्याचं?"

सगळे हसले. गेनूही हसला.

"तुमचा पिच्चर काढत्यात," तो म्हणाला. "मालक दसऱ्याला सत्कार करणार हायेत."

भागोजी हसला नाही. भट्टीवरचा तो सगळ्यांत जुना माणूस. तो म्हणाला, "पिच्चर काढायचा तर तोंडाचा काढतील. हे तर माज्या चिमट्याकडं बघतंय."

गेनूनं गळ्यातली शिट्टी चाचपली.

"मामा, सरळ सांग. हे शिकलं तर आमचं काम जाणार का?"

"न्हाई रं बाबा."

"मग ऐरणीवर हात ठेवून सांग."

त्या गावात ऐरणीवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नसे. सोयरीक त्यावर ठरायची, बांधाची भांडणं त्यावर मिटायची. कोर्टात जाऊन बिनदिक्कत खोटं बोलणारे लोकही ऐरणीपुढं आले की चाचरत. गेनू नुसता मुकाट राहिला असता तरी भागोजीला काय ते कळलं असतं, आणि गेनूच्या अंगाला पापही लागलं नसतं. पण काचेची केबिन त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यानं ऐरणीवर हात ठेवला. ऐरण अजून कोमट होती.

"न्हाई जाणार काम," तो म्हणाला. "मी हाय ना."

भागोजी त्याच क्षणी मोकळा झाला. भट्टीपुढं बसला, पातं आत सारलं, आणि बापानं सांगितलेला रंग त्यानं पहिल्यांदा चारचौघांत उच्चारला. "पिकल्या तोंडल्यावानी झालं की बुडवायचं."

शेजारी त्याचा जोडीदार हैबती होता. तो म्हणाला, "आमच्यात कोंबड्याचा तुरा म्हणत्यात."

"तुरा?" भागोजीनं लाल पातं वर धरलं. "बघ बरं, हाच का?"

"आरं, हाच की!"

"म्हंजे तुजा बाप आन् माजा बाप जन्मभर एकच गोष्ट एकमेकांपासनं लपवत बसले?"

मग जे हसू उसळलं, ते आवरेना. एकेक जण पुढं येऊन आपला रंग सांगू लागला. कुणाचं पळसाचं फूल, कुणाचं डाळिंब. यंत्राचा डोळा सगळं टिपत होता. गेनू मागं उभा राहून हसत होता, पण एक हात त्यानं खिशात घातला होता, तो काही बाहेर काढला नाही.

यंत्र शिकलं. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही, यंत्र चांगलं होतं. पातं तडकत नव्हतं, धार दुमडत नव्हती. त्याला तंबाखू लागत नव्हती, त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघत नव्हतं. मुठीसुद्धा तेच बसवू लागलं. दिवाळीला कामगार सुट्टीवर गेले आणि परत आले तेव्हा फाटकाला कुलूप. आतून वॉचमननं सांगितलं, आता यायचं नाही.

गेनू फाटकाशी आला. यायलाच लागलं, मालकानं धाडलं होतं. माणसं समजावण्याचं काम त्याचंच ना.

"मला तरी काय ठावं होतं," तो म्हणाला. "मालकाच्या मनात..."

"ठावं नव्हतं तर हात कशाला ठेवलास?" भागोजीनं विचारलं, आणि उत्तराला न थांबता तो चालू लागला. बाकीचे त्याच्या मागोमाग गेले. चंद्रभागा तेवढी थांबली.

"एवढी वर्सं आमी तुला मामा म्हणत आलो," ती म्हणाली. "शेवटी तू आमालाच मामा बनवलंस."

गेनू केबिनमध्ये जाऊन बसला. पंखा गरगर फिरत होता. समोर लोखंडी हात वरखाली होत होता. त्याला चल म्हणावं लागत नव्हतं की थांब म्हणावं लागत नव्हतं. गेनूनं सवयीनं जेवणाच्या वेळेची शिट्टी फुंकली. कुणी उठलं नाही. यंत्र मध्येच अडलं तर शहरातला इंजिनियर तिथूनच बटणं दाबून ते चालू करायचा. गेनू नुसता उठून उभा राहायचा आणि परत बसायचा.

असं काही दिवस चाललं. मग एकदा दौलतराव केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. जणू पहिल्यांदाच बघतोय, अशा नजरेनं त्यानं गेनूला बघितलं.

"गेनू, तू इथं नक्की करतोस काय?"

"माणसं सांभाळतो मालक."

"कुठली माणसं?"

गेनूनं काचेतून बाहेर बघितलं. एकही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गेनूही नव्हता.

तालुक्याच्या गावी सुलोचनाबाई म्हणून एक कारखानदारीण होती. फावडी, कुदळी करायची. तिनंही तसलंच यंत्र आणलं होतं, पण तिची रीत वेगळी होती. गेनू काम मागायला गेला तेव्हा ती म्हणाली, "यंत्र आलं म्हणून लोखंड काही बदललं नाही. भट्टीवर बसलेली माणसं मला हवीत. त्यांना यंत्र चालवायला मी शिकवीन. तुझ्या गावात आहेत ना? घेऊन ये. तुलाही ठेवते त्यांच्याबरोबर."

गेनूला रडू आलं. तो तसाच पळत गावात आला. भागोजी बाजारात बसून लोकांच्या सुऱ्यांना धार लावत होता. हैबती शेजारी रिकामाच बसला होता.

"चला रं," गेनू म्हणाला. "काम हाय. कायमचं. यंत्र चालवायला शिकवणार हायेत."

"आता काय ऱ्हायलंय आमच्यापाशी न्यायला?" हैबतीनं विचारलं. "रंग तर दिला."

"खरं सांगतोय. माज्या पोराच्या डोक्यावर हात ठेवतो."

भागोजीनं सुरीवरून नजर उचलली नाही. "पोराला मधी आणू नको," तो म्हणाला. "त्याचं काय चुकलंय?"

गेनू घरोघर हिंडला. हातापाया पडला. कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. चंद्रभागेनं तांब्या पुढं केला आणि परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "पाव्हणं, पानी प्या आन् निघा. यष्टी चुकंल."

सुलोचनाबाईनं वाट बघितली, मग दुसऱ्या गावची माणसं घेतली. ती शिकली, कामाला लागली. आज त्यांच्या पोरांच्या अंगावर चांगले कपडे आहेत. भागोजीच्या हाताखाली पाच-दहा माणसं शिकली असती, पण तो अजून बाजारात सुऱ्याच घासतो. त्या दिवशी गेनू अक्षर न् अक्षर खरं बोलत होता. पण ते खरं धरायला गावात एकही माणूस उरला नव्हता, आणि ज्यांनी ते धरलं नाही त्यांचीही काही चूक नव्हती.

तात्पर्य: यंत्र कुणाला फसवत नाही, त्यासाठी आपल्यातलाच माणूस लागतो. आपल्या माणसांचा विश्वास जो एकदा विकतो, तो त्यांचं आजचं काम घालवतोच, आणि उद्या दारात आलेलं कामही त्यांना घेऊ देत नाही.