इंजिनाच्या तोंडावरचा चरा

“उस्ताद, मला बाकी काय नको. माल खोटा हाय का न्हाई, एवढंच बोला!”

उस्ताद बशीतून चहा पीत होते.

“बोला की!”

“चहा संपू दे...”

निवास पिसाळने हातातली पिशवी जमिनीवर आपटली.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. मी गुरांचा डॉक्टर आणि गाडी माझी. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा तिच्याखाली हिरवं पाणी साचलं होतं. वाड्यावस्त्यांवर जनावरं बघायला मी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जात होतो. त्या सकाळी गाडी टेंपोला दोर बांधून ओढत बाबालाल शिकलगार उस्तादांच्या गॅरेजात आणली, तेव्हा माझ्या तोंडात चांगला शब्द उरला नव्हता.

निवास या उस्तादांच्या हाताखाली सहा वर्षं शिकला. मग त्याने स्वतःचं गॅरेज काढलं आणि पाटी उस्तादांच्या पाटीपेक्षा मोठी लावली.

रेडिएटरचा जाड पाइप इंजिनाला जिथे मिळतो, तिथे मुठीएवढं एक झाकण असतं. त्याच्या आत गरम पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट बसतो, म्हणून त्याला थर्मोस्टॅट हाउसिंग म्हणतात; ते आणि इंजिन यांच्यामध्ये पातळ पॅकिंग असतं. माझ्या गाडीचं हाउसिंग तडकलं. निवासने नवं बसवलं, तेही गळायला लागलं. दुसरं बसवलं, तेही गळलं.

दोन्ही बाहुबली चौगुल्यांच्या दुकानातले. गेल्या सोमवारी, भर बाजारात, दुपारी बाराच्या सुमाराला निवासने ते दुसरं हाउसिंग त्यांच्या काउंटरवर आदळलं आणि साठीच्या त्या माणसाच्या कानाखाली वाजवली. त्यांची टोपी बाजूला पडली.

मी तिथेच होतो. “बरं झालं,” असं मी मोठ्याने म्हणालो.

बाहुबलींनी स्वतःच वाकून टोपी उचलली. आतून तिसरं हाउसिंग आणून पुढे ठेवलं. “हे लावून बघा,” एवढंच म्हणाले.

तेही गळलं.

आता आज पुन्हा सोमवार. बारा वाजता तालुक्यातले सगळे मिस्त्री चौगुल्यांच्या दुकानासमोर जमणार होते. बाबालाल उस्तादांनी माल खोटा आहे म्हटलं, की कुणीही तिथून एक वॉशरसुद्धा घेणार नव्हतं. चौगुल्यांचं तीस वर्षांचं दुकान. उस्तादांचा एक शब्द ते बंद पडायला पुरेसा होता, आणि निवास तोच न्यायला आला होता.

उस्तादांनी बशी पालथी घातली.

“काढ.”

“काय?”

“गाडीवरचं तिसरं काढ. पिशवीतली दोन बी काढ.”

निवासने आपली हत्यारांची पेटी उघडली, हिरवं कूलंट घमेल्यात उतरवलं, बोल्ट काढले, हाउसिंग हिसकून बाहेर घेतलं. पान्याचा आवाज मुद्दाम मोठा करत होता. मला वाटलं, याच्या मुस्काटात द्यावी... मग आठवलं, असंच याने दुसऱ्याच्या दिली होती आणि मी खूश झालो होतो.

उस्तादांनी फळीवरून जाड आरशाचा एक तुकडा काढला आणि तिन्ही झाकणं पुसून त्यावर पालथी ठेवली. वहीचं पान घेतलं आणि एकेकाच्या खालून सरकवायला गेले.

पान कुठेच सरकलं नाही.

“सपाट हाईत. तिन्ही.”

“आरसा वाकडा असंल!”

उस्ताद हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. पावणेअकरा वाजले होते.

“मग पाणी काय आभाळातनं पडतंय व्हय?” निवास ओरडला. “तीन बदलली, उस्ताद! तीन! पॅकिंग बदललं, थर्मोस्टॅट बदलला, पाइप बदलला. आता बदलायचं काय ऱ्हायलंय?”

“जे बदलता येत न्हाई ते...”

एवढं बोलून ते बॉनेटखाली वाकले. इंजिनाला जिथे हाउसिंग टेकतं, तिथे फटी बुजवायच्या लाल सीलंटचा जाड थर होता. भाकरीवर ठेचा थापावा तसा थापलेला.

“बांबूची पट्टी कुठं हाय?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

निवास खाली पडलेले बोल्ट गोळा करायला लागला.

“तू गॅरेज काढलंस तवा तासून दिली व्हती. जुनं पॅकिंग खरवडायला. कुठं हाय?”

“आता पट्टी कोण वापरतंय? दारात चार गाड्या उभ्या असत्यात. वेळ कुठं हाय?”

उस्तादांनी खिशातून स्वतःची पट्टी काढली. बोटभर रुंद, टोकाला पातळ, तेलाने काळी पडलेली. इंजिनाच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला आणि लाल थर हळूहळू उचलायला लागले. वीस मिनिटं गेली. मी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा टायरला लाथ मारली. माझ्याच गाडीच्या टायरला.

थर निघाला. खाली ॲल्युमिनियम चकचकीत झालं. उस्तादांनी त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच थांबला.

“हात दे.”

त्यांनी निवासचा अंगठा धरून तिथे ठेवला.

“काय लागलं?”

“काय न्हाई.”

“डोळं मिटून सांग.”

“काय न्हाई म्हटलं ना!”

उस्तादांनी निवासच्या हत्यारांच्या पेटीतून मोठा स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याच्या पात्याचं एक टोक उडालेलं होतं, दुसरं धारदार. ते धारदार टोक त्यांनी इंजिनाच्या तोंडावर टेकवलं आणि अजिबात जोर न देता ओढलं. चाकोरीतून बैलगाडीचं चाक जावं तसं ते आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत गेलं.

मी वाकून पाहिलं. केसाहून थोडा जाड चरा होता. पाण्याला बाहेर यायला तेवढी वाट पुरत होती.

“म्हंजे ह्यानं खरवडताना चरा मीच पाडला म्हनताय?” निवासच्या मानेच्या शिरा फुगल्या.

उस्तादांनी स्क्रू ड्रायव्हर परत पेटीत टाकला.

“चरा हाय, कबूल! पन त्याच्यावर मी डबल सीलंट लावलं व्हतं की! डबल!”

बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज संपला, तसे उस्ताद निवासकडे वळले.

“म्हंजे दिसला व्हता,” उस्ताद म्हणाले.

निवासने तोंड फिरवलं.

माझ्या डोक्यात सणक गेली. “दिसला होता? पहिल्याच दिवशी? आणि तू त्या म्हाताऱ्याला बाजारात...?”

“मग काय करू, डॉक्टर?” तो माझ्यावरच धावून आला. “सांगू तुम्हाला, की निवासचा हात घसरला? गॅरेज काढून वरीस न्हाई झालं. उद्या अख्खा तालुका म्हनंल, उस्ताद व्हते म्हणून ह्याचं चालत व्हतं. मग माझ्या दारात कोण येईल?”

“म्हणून दुसऱ्याचं दार बंद करायला निघालास!”

“तुम्ही नका शिकवू! बरं झालं कोण म्हनलं व्हतं? मी?”

माझा राग आता निम्मा माझ्यावरच होता आणि त्यामुळे जास्तच जळत होता.

“हात पुढं कर,” उस्ताद म्हणाले.

त्यांचा आवाज बदलला होता. मी त्यांना बावीस वर्षं ओळखतो, पण त्यांचे डोळे असे लाल झालेले पाहिले नव्हते. निवासनेही ते पाहिलं. शिकत होता तेव्हा चूक झाली की तळहातावर बांबूची पट्टी बसायची. त्याने मुकाट्याने हात पुढे केला आणि डोळे मिटले.

उस्तादांनी त्या हातावर लाकडाचा एक सपाट ठोकळा ठेवला, पॉलिश पेपर गुंडाळलेला.

“घास.”

निवास घासायला लागला. आधी रागाने, भराभरा, दात आवळून. पट्टी त्याच्या बोटांच्या सांध्यावर बसली.

“एका जागी न्हाई. चरा खोल हाय म्हणून तेवढाच घासशील तर खड्डा पडंल. सगळं तोंड चऱ्याइतकं खाली आलं पायजे.”

“सगळं?”

“सगळं.”

तो घासत राहिला. घाम नाकावरून खाली टपकत होता. मधेमधे उस्ताद अंगठा फिरवत आणि मान हलवत. काही वेळाने निवास स्वतःच डोळे मिटून अंगठा फिरवायला लागला. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने बाहीला पुसलं. मग त्याने मान हलवली, अजून आहे म्हणून, आणि पुन्हा ठोकळा उचलला.

शेवटी उस्तादांचा अंगठा कुठेही न थांबता गोल फिरला.

“बसव. सीलंट नको. नुस्तं पॅकिंग.”

निवासने कापडाने इंजिनाचं तोंड पुसलं, आतला बोळा काढला आणि तिसऱ्या हाउसिंगला हात घातला.

“ते नको. पयलं घे.”

पहिलं. ज्याच्यापासून सगळं सुरू झालं ते. निवास क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने ते बसवलं. बोल्ट आधी हाताने फिरवले, मग लहान पान्याने थोडा हा, थोडा तो. कुठलाही एक बोल्ट त्याने एकदम आवळला नाही. त्याला सगळं येत होतं! मला त्याचाच जास्त संताप आला.

कूलंट भरलं, हवा काढली, गाडी चालू केली. इंजिन तापलं, वरचा पाइप कडक झाला, पंखा सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. उस्तादांनी हाउसिंगच्या खाली वर्तमानपत्राचा कागद धरला होता.

कागद कोरडा होता.

निवासने गाडी बंद केली आणि तो उस्तादांच्या पायांवर वाकला. उस्ताद मागे सरकले. त्याचे हात जमिनीला लागले.

बारा वाजायला वीस मिनिटं होती.

“चुकलं, उस्ताद,” निवास खाली बघून म्हणाला. “मिस्त्र्यांना फोन करतो. आज जमू नका म्हनतो. काम निघालंय म्हनतो.”

“आनि बाहुबली?”

“बाहुबली अण्णांना गाठतो की. संध्याकाळी, दुकान बंद करत्याल तवा. कुणी नसताना. पाय धरतो त्यांचे.”

मला ते पटलं. माझा राग थोडा उतरला. आपलीही जीभ त्या दिवशी सैल सुटली होती, तेही त्यातच उरकून जाईल, असं मनात आलं.

“मीही येतो,” मी म्हणालो. “मागच्या बोळातून गाडी नेऊ. कुणाच्या नजरेला पडायला नको.”

उस्तादांनी बांबूची पट्टी फडक्याला पुसली. बराच वेळ पुसत राहिले. मग ती निवासच्या खिशात खोचली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“मारलीस तवा किती वाजलं व्हतं?”

“बारा...”

“बाजार भरला व्हता?”

“भरला व्हता.”

“मग आता दोघं मिळून परत सीलंट कशाला लावताय?”