पळी आणि घंटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही, आणि तेच बरं झालं.

त्याच्या राज्यात एका उंच माळावर मोडीचा बाजार भरत असे. वर छप्पर नाही, भोवती भिंत नाही. चिंचेच्या झाडांखाली लोहार, तांबट, कासार, ओतारी आपापल्या भट्ट्या मांडून बसत. फुटके हंडे, वाकलेले विळे, कान तुटलेल्या कढया, जे कुणाला नको झालं ते तिथे येई आणि नवं होऊन पुन्हा कुणाच्या तरी घरी जाई. ठोकाठोकी इतकी चाले, की शेजाऱ्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे.

या बाजाराची एक रीत होती. कुठलीही वस्तू मोडण्याआधी ती एकदा वाजवायची. कारागीर हात वर करी, की सगळे हातोडे थांबत, भाते थांबत. मग तो त्या वस्तूवर एकच ठोका देई आणि विचारी, "ओळखीची आहे का कुणाच्या?"

कुणी ओळखली, तर ती मुकाट्याने परत द्यायची. कारण मोडीत काय काय येतं! चोर आणतात, दारुडे नवरे आणतात, वेगळे निघालेले भाऊ आईची भांडी आणतात. वस्तू काळवंडते, चेपते, ओळखू येत नाही. पण तिचा आवाज घरच्या माणसाला कळतो.

बाजाराचा मुखिया एक ओतारी होता. कामात वाकबगार, मनाने चांगला, पण कौतुकाला लगेच भुलणारा. त्याची एकुलती एक लेक नदीकाठच्या एका गावात दिली होती. ते गाव खोलगट जागी वसलेलं. पूर आला की पाणी आधी तिथेच शिरे. म्हणून लेकीच्या लग्नात त्याने काशाची एक घंटा ओतून दिली होती.

"पाणी चढताना दिसलं की वाजवा," त्याने व्याह्यांना सांगितलं होतं.

घंटा घाटावर टांगली गेली. पुढे पूर आले, घंटा वाजली, आणि दर वेळी गाव टेकडीवर पळून वाचलं.

एके दिवशी राजाला बाजार पाहायची हौस आली. तो आला, हिंडला, वा वा म्हणाला. मग ओताऱ्याच्या भट्टीपाशी उभं राहून आपण शत्रूचा किल्ला कसा घेतला ते मोठ्या आवाजात सांगू लागला. गोष्ट ऐन रंगात आली असताना पलीकडच्या म्हाताऱ्या तांबटाने हात वर केला. त्याच्या दुसऱ्या हातात एक मोडकी पळी होती.

सगळा बाजार थांबला. त्या शांततेत राजाचा एकट्याचाच आवाज घुमला, तसा तोही चपापून गप्प झाला.

ठण्ण.

"ओळखीची आहे का कुणाच्या?"

कुणाच्याच नव्हती. हातोडे पुन्हा सुरू झाले. राजाला मात्र आपण कुठवर आलो होतो तेच आठवेना. एका दरबाऱ्याने हसू लपवायला तोंडावर उपरणं धरलं, आणि ते राजाने पाहिलं.

"एका पळीसाठी मी गप्प बसलो?" राजा म्हणाला.

"इथली रीत आहे, महाराज," ओतारी म्हणाला.

"रीत कसली, वेळकाढूपणा आहे." मग राजाने आपला जरीचा शेला काढून ओताऱ्याच्या खांद्यावर टाकला. "तुझ्यासारख्या कारागिराने असल्या खुळात अडकावं? माझा पुतळा ओत. धातू गावोगावहून येईल. पण आजपासून इथे एकही हातोडा थांबता कामा नये."

ओताऱ्याने शेल्यावरून हात फिरवला. जरीचं काम फार बारीक होतं.

"होय, महाराज," तो म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांनाही हायसं वाटलं. थांबण्याने काम मागे पडतं, असं पुष्कळजण आधीपासून कुरकुरत होतेच. एकटा म्हातारा तांबट संध्याकाळी ओताऱ्याकडे आला.

"अरे, पण कुणाचं काही चुकून गेलं तर?"

"महाराजांचं काम आहे, काका," ओतारी म्हणाला. "त्यात चोरीचा माल कशाला येईल?"

चोरीचा माल आला नाहीच. शिपाई उजळ माथ्याने गावोगाव फिरले आणि दिसेल तो धातू उचलत गेले. नदीकाठच्या गावातून त्यांनी घाटावरची घंटा काढली.

गावकरी काठ्या घेऊन गाड्यांच्या मागे निघाले. ओताऱ्याच्या लेकीने त्यांना अडवलं.

"कशाला मार खाता? माझा बाप बसलाय त्या बाजारात," ती म्हणाली. "तिथे वाजवल्याशिवाय काही मोडत नाहीत. हिचा आवाज कानावर पडला की बाबा ओळखतील आणि परत पाठवतील."

लोकांना पटलं. ते माघारी फिरले.

बाजारात गाड्या रिकाम्या झाल्या. चिखलाने माखलेला, दोरखंडात गुंडाळलेला एक जड ऐवज ओताऱ्यापुढे आला.

"चांगला वजनदार आहे," तो खुशीत म्हणाला आणि त्याने त्यावर घण घातला.

घंटा वाजली हो, वाजली! पण भोवती सगळे हातोडे चालू होते. त्या गलक्यात तिचा आवाज ती ओतणाऱ्यालाही ऐकू गेला नाही. तुकडे भट्टीत गेले.

इकडे गाव वाट पाहत राहिलं. कुणी म्हणालं, तोवर एखादा ढोल तरी टांगू. लेक म्हणाली, "आज ना उद्या येईलच की घंटा." आणि मग नदी चढली. गाव झोपेत होतं.

पुतळा उभा राहिला, त्या दिवशी माळावर जत्रा लोटली होती. गर्दीतून वाट काढत एक म्हातारा ओताऱ्यापुढे येऊन उभा राहिला. तो लेकीचा सासरा होता. गुरं घेऊन टेकडीवर गेला होता, म्हणून तेवढा वाचला होता.

"व्याहीबुवा," तो म्हणाला, "घंटा का नाही हो पाठवलीत? पोरगी रोज वाटेकडे बघायची."

ओताऱ्याने खांद्यावरचा शेला खाली टाकला, हातोडा घेतला, पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढला आणि हात वर केला. हुकूम असूनही सगळा बाजार थांबला. त्याने पुतळ्यावर ठोका दिला.

थप्प.

आत मातीच भरलेली होती. वर धातूचा पातळ थर. ओताऱ्यानेच तो ओतला होता.

"ओळखीची आहे का कुणाच्या?" त्याने विचारलं, आणि तो तिथेच रडत खाली बसला.

"वेड लागलंय याला," राजा म्हणाला आणि जेवायला निघून गेला. त्याचं काहीच बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाजाराने कुणालाही न विचारता जुनी रीत पुन्हा धरली. पळी असो की परात, सगळे थांबत. ओतारी मात्र पुन्हा भट्टीपाशी बसला नाही. तो चिंचेखाली बसून प्रत्येक ठोका कान देऊन ऐके आणि दर वेळी मान हलवून म्हणे, "नाही, ही नाही."

तात्पर्य: दुसऱ्याच्या पळीसाठी थांबायचं जो सोडतो, त्याची स्वतःची घंटा त्याला ऐकू न येताच भट्टीत जाते.