मोगीची जागा

मोगीची बाकावरची जागा मी दोन महिने दप्तर ठेवून राखली होती. तिची आई मिरचीचे देठ खुडायला जाई. तिथल्या ठसक्यात तान्ह्या भावाला नेता येत नसे, म्हणून त्याला सांभाळायला मोगी घरी.

शिक्षणखात्याचे साहेब आले, तेव्हा घर दाखवायला मी गेले.

"सबब चालणार नाही," ते दारातूनच म्हणाले. "कायदा आहे. आत्ता शाळेत चल."

"बरं, साहेब." मोगीने बाळ त्यांच्या हातात दिलं आणि रोज भरून ठेवलेलं दप्तर खुंटीवरून काढलं. "आई सहाला येते. रडला तर फिरवा."

"अगं, मला ऑफिस आहे."

"मलाही शाळा होती, साहेब."

साहेबांनी बाळ परत तिच्या कडेवर दिलं. "यालाही घे," ते हळूच म्हणाले. "गुरुजींना मी सांगतो."

मी बाकावरचं दप्तर उचललं. त्या जागेवर दोघं बसली.