नोटेचा उजवा तुकडा

"पण बुवा, डोळे मिटायच्या आत ही नोट पुरी झालेली बघायचीय मला. यात माझं काय चुकलं?"

अमृतबुवा मठीच्या ओट्यावर पावटे सोलत बसले होते.

विचारणारे विश्रामअण्णा चौगुले, सांगलीतले हळदीचे व्यापारी. आता हळदवाल्याला जुन्या नोटांचा नाद कशाला, असं घरचे म्हणत. पण नाद तो नाद! आज त्यांनी बुवांपुढं ठेवलेली नोट राणीच्या राज्यातली होती, एका बाजूला छापलेली, मागं कोरी. घोडं एवढ्यावरच अडलं होतं की ती अर्धी होती. डावा तुकडा पारिस उपाध्यांकडे. दोन्हींवर नंबर तोच.

पारिस काही परका नव्हे. दोघांनी मिसरूड फुटल्यापासून मिळून जुने बाजार पालथे घातलेले, एका ताटात जेवलेले. तो डावा तुकडा पारिसच्या हाती लागला आणि सगळं बिनसलं. हा म्हणे तुझा मला दे, तो म्हणे तुझा मला दे. बोलणं बंद झालं. मध्यंतरी पारिसचं ऑपरेशन झालं, तेव्हा अण्णा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन माघारी फिरले. त्या दिवशी त्यांना घास गेला नाही. हेही त्यांनी बुवांना सांगितलं.

बुवांनी एक शेंग सोलली. मग दुसरी...

"ही फाडली कुणी?"

अण्णा एकदम खुलले. नोटांचं विचारलं की त्यांना दुसरं काही सुचत नसे. फाडली नाही, कात्रीनं कापली, त्यांनी सांगितलं. त्या काळी टपाल वाटेत लुटलं जायचं, म्हणून व्यापारी नोटेचे दोन तुकडे करायचे. एक आधी टपालानं धाडायचा. तो पोचल्याचं पत्र आलं की दुसरा धाडायचा. घेणारा दोन्ही चिकटवून घ्यायचा. चोराच्या हाती अर्धी लागली तरी तिचा त्याला उपयोग नसे.

"छान रीत होती," बुवा म्हणाले.

मग हात पंच्याला पुसून ते उठले. कोनाड्यातून एक कोरं पाकीट काढलं, नोटेचा तुकडा अलगद त्यात सरकवला आणि पाकीट अण्णांपुढं धरलं. वर पेनही दिलं.

"पत्ता लिही."

अण्णा बघतच राहिले. बुवा थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं. पण बुवांच्या तोंडावर नुसती माया होती, लहान पोराला औषध पाजणाऱ्या आईच्या तोंडावर असते तसली.

अण्णांनी पेन घेतलं. पत्ता तोंडपाठ होता. पारिसचं नाव लिहिलं, गल्ली लिहिली... आणि हात थांबला. डोळे भरून आले होते, अक्षरं दिसेनात. किती वर्षांनी ते हे नाव लिहीत होते!

"बुवा..."

"हं."

"मी आधी पाठवला, आणि त्यानं दोन्ही ठेवून घेतले तर?"

बुवा पुन्हा पावट्यांकडे वळले होते.

"मग नोट पुरी झाली की रे, विश्रामा."