उभी लवंग

"लवंग मेलेली व्हती का न्हाई? तेवढं सांगा, चाचा. बाकीचं मी बघतो."

शिदबानं आल्या आल्या इचारलं. ना सलाम, ना रामराम. चपला पायात तशाच.

मलंगचाचा अंगणात निंबाखाली बाजेवर बसून लसूण सोलत व्हता. वर न बघताच म्हणला,

"बस आधी."

"बसायला न्हाई आलो. गाडीला कुऱ्हाडीचा दांडा बांधून आणलाय. तुमी व्हय म्हणा, सरळ तालुक्याला जातो आन् त्या वाण्याचं टकुरं फोडतो. तेल काढून घेतलेली लवंग इकली भाड्यानं मला."

गमज्याची गाठ सोडून त्यानं मूठभर लवंगा बाजेवर वतल्या.

मलंगचाचा म्हंजी त्या भागातला कंदुरीचा आचारी. पिराला बोललेला नवस फेडायचा, बकरं कापायचं, सगळ्यांना रस्सा-भाकर घालायची, ती कंदुरी. चाळीस वर्सं दर्ग्याच्या माळावर कढई चढली ती ह्याच्याच हातनं. शिदबा त्याच्याजवळ अकरा वर्सं राबला, मग सवता झाला. हात गोड, तोंड कडू. कुणी नुसतं 'मीठ कमी हाय' म्हणलं की ह्यो पळी घेऊन अंगावर जायचा.

मागल्या महिन्यात त्याच्याच थोरल्या भणीनं, गोदाक्कानं, कंदुरी घातली. नवस शिदबाचाच. ह्यो काविळीनं हळदीसारखा पिवळा पडला व्हता, मरायला टेकला व्हता, तवा तिनं पिरापुढं पदर पसरला... माझा भाऊ उठू दे.

भाऊ उठला. भावानंच रस्सा केला.

साठ माणूस जेवलं. दुसऱ्या दिशी चाळीस माणूस उलट्या-जुलाबानं दवाखान्यात. एकोणचाळीस घरी आली.

गोदाक्का न्हाई आली.

"जैतून," चाचानं सुनंला हाक मारली, "काचंच्या गिलासात पाणी आण गं."

जैतून पाणी ठेवून परत चुलीकडं गेली.

"टाक एक लवंग," चाचा म्हणला. "तेल काढलेली असंल तर आडवी तरंगंल. पोटात तेल असंल तर उभी राहंल. तुला म्हाईत हाय की. घरी का न्हाई टाकलीस?"

शिदबा बाजेवरच्या लवंगा चिवडत राह्यला.

"महिना झाला. गिलास न्हवता का पाणी न्हवतं?"

शिदबानं लवंग टाकली. बुडाली, जरा हालली, आन् बोंडूक वर करून उभी राह्यली.

दुसरी टाकली. उभी.

तिसरी. उभी.

"पाणीच खोटं हाय तुमचं!" त्यानं पाणी फेकलं, सोता रांजणातनं गिलास भरून आणला आन् हाताला येतील तेवढ्या लवंगा एकदम सोडल्या. एक आडवी झाली न्हाई. पंगतीला वाढपी उभं राहत्यात तशा सगळ्या उभ्या.

"चांगली हाय," चाचा म्हणला. "लई चांगली हाय, बेटा. वाण्यानं तुला फसवलं न्हाई."

शिदबा खाली मातीत बसला.

मग त्यानं चाचाकडं बोट केलं.

"मग तुमी फसवलंत. लवंग जंतू मारती, ओवा मारतो, दालचिनी मारती... कुणी शिकवलं? तुमीच ना? अकरा वर्सं तुमची भांडी घासली ह्येच्यासाठी?"

"शिकवलं मीच. खरं बी हाय त्ये."

"दवाखान्यातली डाक्टरीण बी तेच म्हणली. काचंच्या ताटलीत जंतू पेरायचं, मधी लवंगंच्या तेलाचा थेंब ठेवायचा. चंद्राला खळं पडतं तसं थेंबाभवती मोकळं राहतं, एक जंतू उगवत न्हाई, म्हणली. मग माझ्या कढईत का न्हाई मोकळं राह्यलं?"

"कढई केवढी?"

"साठ माणसाची."

"लवंग?"

"मूठभर."

"उतरली कवा?"

"सकाळी धाला. अक्काच्या सासरच्या माणसांचा टेंपो वाटंत बंद पडला. पंगत बसली चारला."

"तवर उन्हात?"

"झाकण व्हतं की."

"वाढायच्या आधी उकळी दिलीस?"

"उकळी कशाला? माझा मसाला असा हाय की दोन दिस रश्शाला..."



चाचानं लसणाच्या साली फुंकल्या.

"ताटलीतलं खळं ताटलीत, शिदबा. कढईभर रश्शात मूठभर लवंग जंतूला पुरत न्हाई. माणसाच्या नाकाला मातर पुरून उरती... वास कसा व्हता रश्शाला?"

"नाद करायचा न्हाई. माळभर घमघमाट."

"म्हंजी कुणाला कळलंच न्हाई."

"न्हाई."

"साठातलं एक माणूस बी काय बोललं न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना!"

चाचानं पुन्हा लसूण सोलायला घेतला. निंबावर एक कावळा आला, बसला, उडून गेला.

"अक्का बोलली," शिदबा म्हणला.

चाचानं लसूण खाली ठेवला.

"पहिल्या घासालाच थांबली. म्हणली, शिदबा, जरा येगळंच लागतंय रं. एक उकळी दे. लोक थांबतील."

"मग?"

"पळी फेकली मी. तिच्या सासरच्या माणसांदेखत. म्हणलं, जल्मभर भाकरी थापल्यास, तुला रश्शातलं काय कळतंय? गप गिळ."

"मग?"

"हसली. म्हणली, माझंच तोंड उपाशी हाय, मलाच चव लागंना. आन् पुन्हा वाटी म्होरं केली... सगळ्यांनी बघावं म्हणून. बाकीच्यांनी एकदा घेतलं, चाचा. तिनं दोनदा घेतलं."

शिदबा रडला न्हाई. बोटानं माती उकरत राह्यला. नखं भरली तरी उकरत राह्यला.

चाचा म्हणला, "जेवलास का?"

"अन्न जात न्हाई."

"दोन घास खा. कालचा दालचा हाय, डाळ-मटनाचा. माझ्या हातचा हाय."

चाचानं बाजेखालचं पातेलं वढलं. झाकण काढलं. लवंग-दालचिनीचा वास उठला, अकरा वर्सांचा वळखीचा. शिदबाला वाटलं, आपून इथनं गेलोच न्हाई. चाचा पळी घालणार, तवर जैतून लसूण न्यायला आली. वाकली. नाक जवळ नेलं.

"अब्बा, थांबा. आंबलाय."

चाचानं 'कशावरनं' इचारलं न्हाई. बोट बुडवून चाखलं न्हाई. पातेलं उचललं आन् समदा दालचा उकिरड्यावर पालथा केला.

शिदबा बघतच राह्यला. ह्या माणसाच्या रश्शाला नाव ठेवायची पाटलाची टाप न्हवती.

"चाचा, मला तर वासात नुसती लवंगच आली. चाखून तरी बघायचं व्हतं."

"मला लवंग बी येत न्हाई."

"म्हंजी?"

"त्या करोनाच्या साथीत गेलं नाक. चार वर्सं झाली. लवंग न्हाई, लसूण न्हाई, गू न्हाई. काय म्हंजी काय येत न्हाई."

"आन् कंदुऱ्या? चार वर्सांतल्या?"

"जैतून बाजूला उभी असती. तिनं नाक मुरडलं की कढई पालथी."

"लोकांम्होरं?"

"लोकांम्होरंच. कंदुरी काय घरात असती व्हय?"

जैतून चुलीपास्नंच म्हणली, "आन् शिव्या कोण खातंय, ते बी सांगा की. बकरं वाया घालवलं म्हणून गाव माझ्या नावानं शिमगा करतंय."

चाचा हसला. शिदबाला हसू आलं न्हाई. तो उठला, गाडीला बांधलेला दांडा सोडला आन् चुलीजवळच्या जळणात नेऊन टाकला. माघारी येऊन चाचाच्या पायाशी बसला. चपला लांब काढून ठिवल्या व्हत्या आता.

"चाचा, पुन्हा चुकायचा न्हाई मी. वाढायच्या आधी उकळी देईन. पिराची आण, दोनदा देईन. लवंगंवर इसंबणार न्हाई."

चाचानं गिलासात बोटं घातली. उभ्यातली एक लवंग काढली आन् वलीच शिदबाच्या तळहातावर ठेवली. त्याची मूठ मिटवली. आपल्या दोनी हातात धरून ठेवली.

"देशील रं... उकळी तू देशील. पण तुझा रस्सा आंबला, तर आता तुला सांगंल कोण?"