‘त्यास बांधून ठेवावे’

डोंगराच्या कुशीतल्या एका लहान राज्याची स्वतःची न्यायशाळा होती. तिथे पहिल्या वर्षाला हेरंब नावाचा विद्यार्थी शिकत होता.

हेरंब हुशार होता, पण त्याला जड शब्दांचा फार सोस. न्यायशाळेत पाऊल टाकले आणि त्याची बोलीच बदलली. आईने जेवायला हाक मारली की तो म्हणे, “सदरहू भोजनास मी यथावकाश उपस्थित राहीन.” आई बिचारी ताट झाकून ठेवी आणि देवाला हात जोडी.

त्याचे गुरुजी अनंतशास्त्री वर्गात सांगत, की अर्ज ज्याच्या हाती पडेल त्याला तो एका वाचनात समजला पाहिजे. ‘तो’ लिहिले तर तो कोण, हे आधी स्पष्ट करावे. हेरंबाला हे पटत नसे. सगळ्यांनाच समजू लागले तर वकिलाला विचारणार कोण, असे त्याचे म्हणणे होते. शास्त्रीबुवा आता थकले, असे तो मित्रांना सांगे.

हेरंबाच्या शेजारी गिरजाबाई कुंभारीण राहत असे आणि तिच्या पलीकडे बहिरू तेली. बहिरूच्या घाण्याला ढवळ्या नावाचा बैल होता. काम आटोपले की बहिरू त्याला मोकळा सोडी, आणि ढवळ्या थेट गिरजाबाईच्या अंगणात शिरे. घाण्याची सवय अंगात भिनलेली, त्यामुळे तिथेही तो गोल गोल फिरे आणि वाळत घातलेली मडकी त्याच्या पायाखाली येत.

त्या वर्षी देशमुखांच्या घरचे लग्न होते. घागरी, मडकी, बोळकी, सगळे गिरजाबाईने द्यायचे होते. ती हेरंबाकडे आली आणि न्यायाधीशांना एक अर्ज लिहून दे म्हणाली. बहिरू माणूस वाईट नाही, त्याच्याशी वैर नको, फक्त त्याला सांगितलेले ध्यानात राहत नाही. बैल तेवढा बांधून ठेवायचा हुकूम व्हावा. आणि बांधलेल्या मुक्या जिवाची उपासमार होऊ नये, हेही तिने आठवणीने सांगितले.

“मावशी, निश्चिंत राहा,” हेरंब म्हणाला. “असा अर्ज लिहितो, की न्यायाधीश बघतच राहतील.”

तो दिवसभर लिहीत बसला. कागदाच्या डोक्यावर सुरू झालेले वाक्य तळाशी पोचले तरी संपेना. त्यात उपरोक्त स्त्री होती, उपरोक्त अंगण होते, उपरोक्त बैल होता. शेवटी लिहिले होते, ‘सदरहू बहिरू तेली यास वेळोवेळी समज देऊनही तदनुसार वर्तन न घडल्याकारणे, त्यास मजबूत दोराने खुंटास बांधून ठेवण्यात यावे व त्याचे पुढ्यात कडबा व पाणी ठेवण्यात यावे.’ हेरंबाने ते वाक्य स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवले आणि खूश झाला.

न्यायाधीशांनी अर्ज हातात घेतला. तिसऱ्या ओळीला त्यांचे डोके गरगरू लागले. एवढे अवघड लिहिले आहे म्हणजे बरोबरच असणार, असे समजून त्यांनी खाली शेरा मारला, ‘अर्जाप्रमाणे करावे.’

हुकूम घेऊन येसाजी हवालदार निघाला. येसाजी प्रामाणिक माणूस होता. हुकुमात असेल ते करायचे आणि नसेल ते करायचे नाही, एवढेच तो जाणत होता. तो पोचला तेव्हा बहिरू नुकताच बैलाला घाण्यापासून सोडत होता. येसाजीने हुकूम वाचून दाखवला, बहिरूला धरले आणि खुंटाला पक्के बांधले. मग शेजारच्या गंजीतून कडबा आणला, बादलीत पाणी भरले आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवले.

बहिरू गयावया करू लागला. हे सगळे बैलासाठी असणार, असे त्याने परोपरीने सांगून पाहिले.

“खायचा की नाही ते तुझं तू बघ,” येसाजी शांतपणे म्हणाला. “माझं काम पुढ्यात ठेवण्याचं.”

इकडे ढवळ्या मोकळाच राहिला. डोळ्यांवरची झापडही कोणी काढली नव्हती. तो पाय नेतील तिकडे निघाला आणि सवयीने गिरजाबाईच्या अंगणात शिरला. गिरजाबाई काठी घेऊन धावली. बहिरू खुंटावरून हाका मारत राहिला. मालकाचा आवाज ऐकून घाणा चालू झाला असे ढवळ्याला वाटले आणि तो आणखी जोमाने फिरू लागला. लग्नाच्या घागरी, मडकी, बोळकी, सगळ्यांची खापरे झाली. गिरजाबाई त्या ढिगाशेजारी मटकन बसली.

दुसऱ्या दिवशी सगळे न्यायाधीशांपुढे उभे राहिले. बहिरूच्या मनगटांवर दोराचे वळ होते. गिरजाबाईच्या पदरात खापरे होती. न्यायाधीश येसाजीवर कडाडले. माणूस आणि बैल यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला चाकरीत ठेवता येणार नाही, असे म्हणून त्यांनी त्याला कमरेचा पट्टा काढून द्यायला सांगितले. येसाजीचे केस चाकरीत पांढरे झाले होते. तो पट्ट्याची कडी सोडू लागला.

हेरंब मागे उभा होता. अर्ज कोणी लिहिला, हे कोणी विचारलेच नव्हते. गप्प बसला असता तर त्याच्या अंगाला काहीच लागले नसते. वर्गमित्रांसमोर फजिती होईल, शाळेतून नाव कमी होईल, असे सगळे त्याच्या मनात येऊन गेले. पण कडी सोडणाऱ्या येसाजीच्या हातांवरून त्याची नजर हलेना. तो पुढे आला.

“महाराज, हवालदारांनी लिहिलं होतं तेच केलं. चूक लिहिण्यात आहे, आणि लिहिणारा मी आहे.”

न्यायाधीशांनी त्याला अर्ज मोठ्याने वाचायला लावला. निम्म्यातच हेरंबाला धाप लागली. शेवटच्या ओळीवर न्यायाधीशांनी विचारले, “यातला ‘त्यास’ म्हणजे कोण?”

“माझ्या मनात बैल होता.”

“तुझ्या मनातला बैल हवालदाराला दिसणार कसा?”

कचेरीत हशा पिकला. न्यायाधीशही हसले, पण लगेच ओशाळले. अर्ज न समजताच आपण शेरा मारला, हे त्यांनी सर्वांसमोर कबूल केले. येसाजीला पट्टा परत मिळाला. लग्नाची सगळी मडकी नव्याने घडेपर्यंत हेरंबाने गिरजाबाईकडे चिखल तुडवावा, असे ठरले. आणि आधी तिथेच बसून नवा अर्ज लिहावा, असेही.

हेरंब लिहायला बसला. पहिलाच शब्द ‘सदरहू’ उमटला. त्याने तो खोडला. पुढे ‘उपरोक्त’ येऊ लागला, तोही गिळला. आपले इतके लाडके शब्द खोडताना त्याला खरोखरच दुःख झाले. थोड्या वेळाने तो उठला आणि वाचू लागला, “बहिरू तेल्याचा बैल गिरजाबाईच्या अंगणात शिरून मडकी फोडतो. बहिरूने बैलाला बांधून ठेवावे आणि बैलाला वेळेवर कडबा-पाणी द्यावे.”

“झालं?” न्यायाधीशांनी विचारले.

“झालं.”

गिरजाबाईने मान डोलावली. येसाजीनेही डोलावली. बहिरू मात्र पुढे सरकला आणि हात जोडून म्हणाला, “पोरा, एकदा पुन्हा वाच रे. यात मी कुठं बांधला गेलोय का, तेवढं ऐकून घेतो.”

तात्पर्य: कायद्याचे लिखाण आपली विद्वत्ता मिरवण्यासाठी नसते, दुसऱ्याचे काम होण्यासाठी असते, म्हणून कोणी, कोणाला, काय करायचे ते सरळ लिहावे, आणि लिहिताना चूक झालीच तर ती दुसऱ्याच्या माथी न मारता आपल्याच हाताने खोडावी.