ओढून न पाहिलेला दोर

खूप मागची गोष्ट आहे. तेव्हाच्या राजाचं नाव मला माहीत नाही, आणि ते कळून तुमचंही काही अडणार नाही. मुलांनो, पुढे सरकून बसा. आणि मुलांच्या निमित्तानं मागे येऊन बसलेल्या मोठ्यांनो, ही गोष्ट खरं तर तुमच्यासाठीच आहे.

नदीकाठी एक बाजार भरायचा. त्या बाजाराची एक रीत होती. आपल्या मालाची तारीफ आपल्याच तोंडानं करायची नाही. ते हलकेपणाचं लक्षण समजत. म्हणून माल एकाचा आणि हाळी दुसऱ्याची, असा तिथला कारभार. मोठ्या व्यापाऱ्यांकडे पगारी हाळीवाले असत. ते शब्द जुळवायचे आणि दिवसभर ओरडायचे. कुठलीही वस्तू असो, त्यांच्या तोंडी ती अमृतच असायची. लोक ऐकायचे आणि पुढे जायचे.

तुळाजी नावाचा एक माणूस असाच हाळी द्यायचा, पण तो कोणाच्याच पदरी नव्हता. जो बोलावेल त्याच्यासाठी शब्द जुळवायचा. सुरुवातीला त्याला कोणी बोलावलंच नाही. मग एका कुंभारणीनं बोलावलं, कारण तिच्याकडे दुसरं कोणी यायला तयार नव्हतं. तुळाजीनं तिचं एक मडकं घरी नेलं, पाणी भरून ठेवलं, पिऊन पाहिलं, आणि पुढच्या बाजारी हाळी दिली, "मडकं नवं आहे, पहिले काही दिवस पाझरेल. मग असं गार पाणी देईल, की पाहुणा दुसरा तांब्या मागेल."

लोक थबकले. मालाची खोड सांगणारा हाळीवाला त्यांनी आजवर ऐकला नव्हता. जो खोड लपवत नाही तो गुण तरी कशाला फुगवून सांगेल, असा त्यांनी विचार केला आणि मडकी घेतली.

तिथून तुळाजीचा जम बसला. घोंगडीची हाळी द्यायची तर तो आधी घोंगडी पांघरून झोपायचा. गुळाची द्यायची तर घरात तोच गूळ. त्याची बायको ठकू कधी वैतागायची. "उद्या चांभाराचं काम आलं तर चपला आमटीत घालायच्या का?" असं म्हणायची, पण मनातून तिला नवऱ्याचा अभिमान होता. बड्या पेढ्यांनी त्याला नोकरीला बोलावलं, तर तो म्हणाला, "एकाचा झालो की त्याचं कडूही गोड म्हणावं लागेल. माझ्याकडे विकायला दुसरं काही नाही. शब्द आहे. तो गेला की मी संपलो."

हे तो मनापासून बोलला होता. पण नाव झालं की माणसाचे पाय जमिनीला टेकेनासे होतात. हळूहळू त्याच्या दारात गाड्या थांबू लागल्या. प्रत्येक वस्तू वापरून पाहायची तर वेळ कुठून आणायचा? मग त्यानं आधी घोंगड्यांवर झोपणं सोडलं, पुढे गूळ जिभेवर ठेवणंही सोडलं. नशिबानं माल चांगला निघत गेला आणि तुळाजीला वाटलं, आता आपल्याला नुसतं पाहूनच कळतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर, ऐन बाजाराच्या सकाळी, दोरांचा एक परगावचा व्यापारी आला. अंबाडीचे पांढरेशुभ्र, मऊसूत दोर. "बाजार भरलाय, तुम्ही फक्त तोंड उघडा," तो म्हणाला.

तुळाजीनं दोरावरून बोट फिरवलं. ठकू दारातून म्हणाली, "अहो, एकदा ओढून तरी बघा."

"माझ्या बोटांना कळतं आता," तुळाजी म्हणाला आणि निघाला.

त्या दिवशी त्यानं दिलेली हाळी त्याच्या आयुष्यातली सगळ्यात देखणी हाळी होती. "हत्ती टांगा, झुला करा, तुटला दोर तर मला धरा!" पोरांनी ती लगेच उचलली. दुपारपर्यंत एकही दोर उरला नाही. खोड न सांगता दिलेली ही त्याची पहिलीच हाळी, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्याच्याही नाही.

दोराचे धागे सुटावेत म्हणून अंबाडी पाण्यात भिजवतात; ती जास्त दिवस पाण्यात राहिली की आतून कुजते. वरून मात्र ती पांढरी आणि मऊ दिसते.

तुळाजीच्याच गावात हैबती नावाचा एक माणूस होता. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की कमरेला दोर बांधून उतरायचा आणि गाळ काढायचा. तुळाजीचा तो लहानपणापासूनचा मित्र. त्यानंही त्या बाजारात दोर घेतला. एका कोरड्या विहिरीत उतरताना तो दोर मध्यावर तुटला. हैबती जगला, पण वैद्यानं सांगितलं, हा आता चालणार नाही.

तुळाजी धावत त्याच्या घरी गेला. हैबती उताणा पडलेला होता. तो म्हणाला, "तुळाजी, त्या व्यापाऱ्याला मी ओळखत नव्हतो. दोरही मी नीट पाहिला नाही. तुझी हाळी ऐकली आणि घेतला. तू ओढून पाहिला असशीलच ना?"

तुळाजीला खोटं बोलता आलं असतं. त्याचे ओठ हललेही. पण मित्राच्या डोळ्यांपुढे ते जमेना. "नाही," तो म्हणाला.

हैबतीनं तोंड भिंतीकडे वळवलं. शिवी दिली नाही की रडला नाही. फक्त विचारलं, "मग बाकीचे दोर कुठं कुठं गेलेत?"

तुळाजी तसाच उठला आणि गावोगाव फिरू लागला. वेशीवर उभं राहून सांगायचा, "माझ्या हाळीवर घेतलेला दोर वापरू नका. तो कुजका आहे. मी न पाहता बोललो." काहींनी दोर फेकले. पण बरेच जण हसले. एक म्हातारा म्हणाला, "तेव्हा तुला एकानं पैसे दिले, आता दुसऱ्यानं दिले असतील. आम्ही तुझं कुठलं बोलणं खरं मानायचं?" तुळाजी तरी पुढच्या वेशीकडे निघाला. शरमेनं त्याचा जीव अर्धा झाला होता.

एका गावात तो पोचला तेव्हा विहिरीच्या काठावर एक तरुण कमरेला तोच पांढरा दोर बांधत होता. तुळाजीनं हात जोडले, विनवणी केली. तरुण म्हणाला, "सगळं गाव पाण्यावाचून खोळंबलंय. बाजूला व्हा, काका."

"बरं," तुळाजी म्हणाला. "मग आधी मला उतरू दे."

त्यानं दोर आपल्या कमरेला बांधला आणि काठावरून पाय सोडले. सगळ्यात आधी जे करायचं, ते त्यानं सगळ्यात शेवटी केलं. थोडं खाली जातो न जातो तोच दोर तुटला.

गाळात पडला म्हणून वाचला, पण खांदा निखळला. लोकांनी दुसरा दोर सोडून त्याला वर काढलं. त्या तरुणानं तुटलेला दोर गोळा करून खांद्यावर टाकला. मग त्या गावातली माणसंच पुढच्या गावांना निघाली, आणि त्यांचं बोलणं लोकांनी ऐकलं. कुजके दोर सगळीकडे जाळले गेले. त्या दोरांपायी आणखी कोणी पडलं नाही.

तुळाजी बाजारात परतला. त्याचा तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. दारातल्या गाड्या केव्हाच गेल्या होत्या. त्या व्यापाऱ्याचं नाव कोणाला आठवत नव्हतं. हाळी कोणाची होती हे मात्र सगळ्यांना पाठ होतं. रोज सकाळी तो हैबतीला उचलून उन्हात बसवायचा, मगच बाजारात जायचा. कधीमधी एखादा गरीब विक्रेता त्याला बोलवायचा. पण तुळाजीनं तोंड उघडलं की गर्दीतून कोणीतरी विचारायचंच, "वापरून पाहिलंस का?" मरेपर्यंत प्रत्येक हाळीआधी त्याला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं, आणि त्यानं ते मान खाली घालून दिलं.

म्हणून सांगतो, ज्या शब्दावर दुसरा आपला जीव टांगणार आहे, तो शब्द देण्याआधी आपला भार त्यावर टाकून पाहावा.